मोटरहोमला घरजावई शोधताना

पहिल्या ट्रिपला आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागे बांधलेली छोटी गाडी नव्हती. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर मी हौसेने दही लावलं आणि बघते तर चहाला दूध नाही. दूध आणायचं तर अख्खं घरच न्यायला हवं: पाण्याची नळी काढा, वायर गुंडाळा, डबे बांधा. त्यात दही हिंदकळणार ते वेगळंच. आमचे हे म्हणाले, कोरा चहा पिऊ, आणि झोपले. दोन दिवस मी झाडाखाली बसून खारींशी गप्पा मारल्या. टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोला परतताना मी सांगून टाकलं, मागे बांधून न्यायला छोटी गाडी घेतल्याशिवाय मी पुन्हा येणार नाही.

मग स्थळं बघणं सुरू झालं. माझी ऑटोमॅटिक गाडी घरचीच होती, पण तिच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, गिअरबॉक्स जळेल. तुम्हीही आधी पुस्तकातलं ते पान वाचा, विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. पुढची दोन चाकं उचलून धरणारी ट्रॉली मिळते, पण कॅम्पवर ती ठेवायची कुठे? शिवाय गाडीचं वजन आपल्या मोटरहोमला झेपायला हवं. आमची लेक ऋचा कंटाळून म्हणाली, "आई, इट्स अ कार, नॉट अ ग्रूम." मी म्हटलं, मुकाट्याने मागे मागे येणार, म्हणजे घरजावईच की.

यांचं मन एका उंच जीपवर जडलं. ओढायला उत्तम, दिसायला रुबाबदार, पण माझा गुडघा पायरीपाशीच अडला.

"तुला कुठे चालवायचीय? मी नेईन ना."

"मग ती तुमची गाडी झाली. तुम्ही झोपल्यावर मी कुठे जायचं?"

जीप बारगळली.

शेवटी डेंटनच्या एका आजोबांकडे गिअरची जुनी, बुटकी गाडी मिळाली. पुस्तकाची ओढायला परवानगी होती. अडचण एकच, यांना गिअर येत नाही. मला येतो, कराडला भावाच्या टेम्पोवर शिकले होते. पायांना सगळं आठवलं, हाताला नाही. तिकडे गिअर डाव्या हाताला, इथे उजव्या. दरवेळी माझा डावा हात दाराकडे जायचा आणि खिडकी उघडायची. आजोबा म्हणाले, हवा छान आहे, चालू द्या.

पालो ड्युरोच्या दरीत कॅम्पला निघालो. २८७ नंबरचा हायवे सरळसोट, वाऱ्याला मात्र धरबंध नाही. मधेच थांबून थेपले खाल्ले. एक शहाणपण फुकट देते: गाडी बांधलेली असताना मोटरहोम मागे घेता येत नाही. म्हणून जिथून सरळ पुढे निघता येईल अशाच पंपावर शिरा. आम्ही भलत्याच पंपावर शिरलो आणि अडकलो. भर उन्हात गाडी सोडवून पुन्हा बांधली.

दरीच्या तळाशी कॅम्प, चारी बाजूंना लालभडक कडे. सकाळी हे घोरत होते. मी किल्ली घेतली आणि एकटीच कॅन्यन गावाकडे निघाले. वर जाणारा रस्ता अंगावर येणारा. ऐन चढावर पुढची गाडी थांबली, मी थांबले आणि माझं इंजिन बंद पडलं. मागे भला मोठा पिकअप. गाडी मागे सरकायला लागली, डावा हात सवयीने दाराकडे गेला, खिडकी उघडली. मागचा माणूस ओरडला, "टेक युवर टाइम, मॅम!" मी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, क्लच हळूहळू सोडला. गाडी चढली. माथ्यावर थांबून दरीकडे बघत बसले. मी एकटीच हसत होते.

दूध घेऊन परतले तर हे टोपीबिपी घालून बाकावर तयार.

"मला न सांगता गेलीस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

मी दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊ नये म्हणून हे बघत राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळी मलाही ने."

घरी आल्यावर हिशेब केला तो असा: वजन बघा, पुस्तक बघा, पण गाडी कोण चालवणार ते सगळ्यात आधी ठरवा. कॅन्यनची लाल माती अजून पायपुसण्यात आहे.

सामान उतरवलं, गाडी सोडवली. हे मोटरहोम भाड्याच्या स्टोरेजच्या जागेत लावायला गेले. तासाभराने फोन आला, आता घरी कसा येऊ? मी पदर खोचला आणि निघाले. गेटपाशी हे पिशवी घेऊन एसटीची वाट बघत असल्यासारखे उभे होते. उजवीकडचं, माझ्या शेजारच्या सीटचं दार उघडून बसले आणि पट्टा लावला.