भावोजींच्या गाडीचा आवाज

तापलेल्या सायलेन्सरचा वास आला की परळच्या आमच्या चाळीखालची ती दुपार आठवते. ताई-भावोजी जेवायला आले होते आणि भावोजींची सेकंडहँड गाडी रेस दिली की भयंकर गुरगुरत होती. सत्तरीचे बाबा पेपर अंथरून थेट गाडीखाली शिरले. "तुम्ही बसा हो निवांत," असं भावोजींना, आणि मला, "तू रेस दे रे." माझी बाइक महिनाभर खडखडत होती, तेव्हा मात्र बाबांनी "गॅरेजला दाखव" म्हणून पेपरातून मानही वर केली नव्हती. मी स्टिअरिंगमागे बसून संतापून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. "हळू, गाढवा! जावयाची गाडी आहे!" सायलेन्सरची सैल पट्टी आवळून बाबा हसत बाहेर आले. आता माझी गाडी चढावर तशीच गुरगुरते. बाबा शेजारच्याच सीटवर असतात, पण हल्ली त्यांना ऐकू येत नाही.