अर्धी राहिलेली बांग

पिंजारी चाचा स्वतःच्या हट्टापायी गेले, असं आमच्या गावात अजून सांगतात. तसं पहिल्यांदा म्हणालो तो मी. ते खरं नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी गोळ्या देणं, लघवी तपासणं आणि पथ्य समजावणं माझ्याकडे होतं.

चाचा कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे आणि मशिदीत बांग द्यायचे. भोंगा नव्हता. ते मशिदीच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर चढत, कानाशी हात नेत, आणि आवाज नदीपलीकडच्या वावरांपर्यंत जाई. संध्याकाळच्या बांगेवर आमच्याही आळीतल्या बायका चूल पेटवत.

त्यांना मधुमेह निघाला तो माझ्यासमोर. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरली, तर रंग विटेसारखा लाल झाला. चाचा वाकून बघत होते. म्हणाले, "साहेब, एवढी साखर माह्याच आंगात हाय तं चहात टाकाची गरजच नाई."

पथ्य त्यांनी पाळलं. गूळ सोडला, भात सोडला. आमच्या ओसरीवर रजई भरायला बसले की माझी बायको त्यांना बिनसाखरेचा चहा देई. कप कोनाड्यातला, त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला. रोजे लागायच्या आधी चाचा खिडकीशी आले. मागे रांग होती.

"साहेब, रोजे लागून राह्यले. सकाळच्या गोळीचं कसं करू? पहाटेच्या जेवणावर घेऊ का सांजीले?"

"रोजे धरू नका, चाचा."

"बांग देनारा मानूस मी. मीच रोजा नाई धरला तं लोकाईले कोन्या तोंडानं बलावू?"

रांगेतला एक शेतकरी, त्यांच्याच वयाचा, म्हणाला, "काऊन जीव काढतं बे? माह्यासारखी एकादशी धरत जाय. साबुदाना, भगर, शेंगदाने. उपासाच्या दिशीच माहं पोट जास्त भरते."

सगळे हसले. चाचाही हसले. पण ते खिडकीवरून हलले नाहीत.

"तसं नाई ना भाऊ. आमच्यात पान्याचा घोटबी नाई. साहेब, गोळीचं तेवढं सांगा."

इथे मला थांबून एक लिहायला हवं. मधुमेह असून एकादशी धरणाऱ्या आमच्या बायांना मी न विचारता सांगत असे: साबुदाणा कमी खा, भगर घ्या, गोळी फराळानंतर घ्या. डॉक्टरांना विचारून ते सगळं मी ठरवून घेतलं होतं. कुणालाही 'उपास सोडा' म्हणायचं मला कधी सुचलं नव्हतं. चाचांनीही गोळीची वेळच तेवढी विचारली होती. डॉक्टर परवा येणार होते. 'विचारून सांगतो' एवढे दोन शब्दही पुरले असते.

मी म्हणालो, "गोळी आहे तशीच घ्यायची. सकाळची चुकवायची नाही. आणि रोजे धरणार असाल तर मला विचारू नका." वर खडीसाखरेचा एक खडा कागदात बांधून दिला. उपाशीपोटी गोळीनं साखर फार उतरून हातपाय थरथरले, घाम सुटला, तर तोंडात टाका म्हणालो.

चाचांनी खडा खिशात ठेवला. पुन्हा काही विचारलं नाही.

ते पहाटे जेवून गोळी घेत, दिवसभर गुडघ्यावर बसून कापूस पिंजत आणि संध्याकाळी धाब्यावर चढत. गावातले सगळे रोजेदार त्यांच्या बांगेवर रोजा सोडत. ते स्वतः बांग पुरी करून खाली उतरत आणि मग तोंडात काही टाकत.

ती संध्याकाळ थंड होती. मी दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. बांग सुरू झाली, नेहमीपेक्षा हळू. मग एका शब्दावर थांबली आणि पुढे आलीच नाही. मशिदीच्या ओट्यावर लोक हातात खजूर घेऊन वर बघत राहिले. कुणी खाल्लं नाही. मग जिन्यावरून काही गडगडत आल्याचा आवाज झाला.

त्यांना माझ्याकडेच आणलं. अंग घामानं थबथबलं होतं, डोक्याला खोक पडली होती. मी त्यांच्या शिरेत ग्लुकोजची सुई खुपसत असताना मागे मशिदीत कुणी तरी उरलेली बांग पूर्ण केली. चाचा शुद्धीवर आले नाहीत. सदरा काढताना खिशातून खडीसाखर पडली. कागदाची गाठ तशीच होती.

डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्याकडे काही विचारायला आले होते का?"

"नाही. रोजे धरू नका म्हणून मी बजावलं होतं. ऐकलं नाही."

पुढच्या वर्षी डॉक्टर स्वतः मशिदीत गेले. मौलवी म्हणाले, आजाऱ्याला रोज्याची माफी आहे. मला कुणी सांगितलं असतं तर मी स्वतः चाचांना समजावलं असतं, बांग दुसऱ्यानं दिली असती, असंही ते म्हणाले. डॉक्टर परत येताना म्हणाले, चाचांनी विचारलं असतं तर निदान ती सकाळची गोळी तरी मी बंद केली असती. तेव्हापासून दर रमजानच्या आधी मी मशिदीच्या ओट्यावर बसून गोळ्यांच्या वेळा समजावू लागलो. माझं कौतुक झालं. निवृत्त झालो तेव्हा शाल घातली, आणि बोलणारा म्हणाला, यांनी चाचांना किती विनवलं होतं. मी शाल सावरत बसलो.

आता बुलढाण्यात मुलाकडे राहतो. इथे भोंग्यावरून बांग येते, स्पष्ट आणि पुरी. तरी त्या एका शब्दाशी मी जेवताना थांबतो. पुढचा शब्द येईपर्यंत मी घास गिळत नाही. सून समजते, दाताचं दुखणं आहे.

चाचांचा मुलगा आता इथेच गाद्या-रजया भरतो; परवा तो आमच्या रजईचं माप घ्यायला आला. तोही म्हातारा झाला आहे. म्हणाला, "अब्बा जिद्दी होते, काका. तुमचं ऐकलं असतं तं आमी पोरकं नसतो झालो."

मी "हं" म्हणालो. एवढ्या वर्षांनी, पुन्हा.

उद्या तो रजई घेऊन येणार आहे. हे त्याला वाचून दाखवायचं आहे. अब्बा जिद्दी नव्हते, त्यांनी विचारलं होतं, हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. वाचताना माझा आवाज मध्येच थांबला, तर पुढचं त्याने वाचावं.