ताटावर न बसलेला रविवार

नव्वदच्या दशकात मी चोपड्याला मास्तर होतो आणि पाखरांचा भारी नाद होता. दर रविवारी सायकल हाणत सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा गाठायचा. काय दिवस होते ते! तिथली अक्का रानातलं लाकूड तोडून मोळी चोपड्याच्या बाजारात विकायची, त्यावर तिचं घर चालायचं. मीच तिच्या मागे लागलो, "अक्का, नाल्याकाठचं रान राख. मी शहरातले पाहुणे आणतो. तू त्यांना पाखरं दाखव, जेवू घाल. त्यात तुझं भागेल." पाडा खो खो हसला. अक्काने मात्र तोड बंद केली.

पहिले पाहुणे धुळ्याचे. लांब पांढऱ्या शेपटीच्या स्वर्गीय नर्तकाचं घरटं बघायला निघालेले. आदल्या रविवारी मी अक्काला बजावलं होतं, "सगळं नीटनेटकं ठेव बरं."

जाऊन बघतो तर काय! नाल्याकाठची काटेरी झुडपं साफ. जमीन झाडलेली, शेणसडा घातलेला, वर रांगोळी. घरट्याची फांदी तेवढी तिने राखली होती. पण आडोसाच गेल्यावर पाखरू थांबतंय कशाला! अक्का हसतमुखाने म्हणाली, "बठ्ठं साफ शे ना, भाऊ? पाव्हनास्ना पायले काटा नको."

माझं डोकं फिरलं. चारचौघांत तिला नको ते बोललो. पाहुणे बिचारे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा मागून मागून खात होते. मी ताटावर बसलोच नाही. भूक होती हो, पण अकड!

पुढच्या बाजाराला अक्का दिसली. डोक्यावर मोळी. मी गर्दीतून वाट काढत तिला गाठलं.

"अक्का, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

ती रागावली नव्हती. सरळ म्हणाली, "तूच जेवना नई, भाऊ. आते पाव्हना कसाले येतीन?"

घरी आलेला माणूस न जेवता गेला, म्हणजे संबंध तुटला. खानदेशात जन्म काढून मला हे कळू नये? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोळी उतरवून घेतली आणि म्हटलं, "अक्का, तुझी शिदोरी दे."

भर बाजारात, उभ्याउभ्या तिची कोरडी भाकरी मिरचीशी खाल्ली. शेवटचा घास जाईपर्यंत ती बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आते सांग पाव्हनास्ले, या म्हना."