लाल टोपीखालचा निळा

माझ्या थोरल्या भावावर अन्याय झाला तो १९७३ च्या सव्वीस जानेवारीला सकाळी, शाळेत झेंडा वर जायच्या आधी. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला, त्याला तेव्हा वर्ष उलटलं होतं. त्या सकाळी गावच्या शाळेच्या भिंतीवरून त्याचं चित्र उतरवलं गेलं. चोरून नाही. हेडमास्तरांनी शिपायाला स्टुलावर चढवून सगळ्यांदेखत उतरवलं.

चित्र आम्हीच करून घेतलेलं. घरात त्याचा फौजेतला एकच फोटो, तोही काळापांढरा. पूर्णेच्या पेंटरनं विचारलं, "टोपीला रंग कोणता देऊ?" भावानं पत्रात एवढंच लिहिलं होतं, 'आई, मला टोपी मिळाली.' तेव्हा आम्ही हसलो होतो. टोपी काय, सगळ्याच शिपायांना मिळते. कोणती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आई पेंटरला म्हणाली, "निळी दे. आपली."

छप्पन्नच्या धर्मांतरापासून आमच्या वस्तीवर निळा झेंडा आहे. तिला दुसरा रंग सुचणारच नव्हता. मलाही नाही सुचला.

सरपंच म्हणाले, "शाळेत पक्षाचा प्रचार नको." हेडमास्तरांनी मान डोलावली, आणि चित्र खाली आलं.

होळीच्या सुमारास फौजेकडून भावाची पेटी आली. गणवेशाच्या घडीवर टोपी होती, काळपट लाल. "ही कुणाची?" आई म्हणाली. मग तिनं आतल्या चामड्याच्या पट्टीचा वास घेतला, आणि पुन्हा विचारलं नाही.

मी टोपी घेऊन पालमला फौजेतून रिटायर झालेल्या एका हवालदारांकडे गेलो, चित्राचंही सांगितलं.

"काळी रणगाडेवाल्याची," ते म्हणाले. "हिरवी पायदळाची. निळी आमची, तोफखान्याची. तुज्या सरपंचाला म्हणावं, मी बी पक्षाचाच हाय का?" मग टोपी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. "पर ही विमानातून उडी मारणाऱ्याची. लय थोड्यांना मिळती. उडी मारताना डोस्क्यात लोखंडी टोप असतो, म्हून ही मागं राह्यली."

तेव्हापासून ती टोपी आमच्या घरात उपड्या तांब्यावर ठेवलेली आहे, आकार मोडू नये म्हणून. दारातून आत येणारा दचकतो. कोपऱ्यात कुणीतरी बसलंय. मी रोज बघतो, तरी दचकतो. लिहायला बसलो की पाठीमागून कुणी विचारतंय असं वाटतं, तुला एवढंही ठाऊक नव्हतं? नव्हतं. तो काय करतो हे मी कधी विचारलंच नाही.

मी म्हणालो, चित्रात निळीच राहू दे, भांडू. आई म्हणाली, "तुजं भांडण तुज्यापाशी. त्यानं कमावलेली घाल त्याला."

पेंटरनं वरून लाल रंग दिला. उन्हात धरलं की खालचा निळा दिसतो, भुवईच्या वर, मार लागल्यासारखा.

चित्र घेऊन शाळेत गेलो.

"छान झालं," हेडमास्तर म्हणाले. "पण आता ग्रामसभेचा ठराव लागेल."

"रंग बदलला की, गुरुजी."

"रंगाचं नाही रे. जागेचं आहे."

त्यांच्या पाठीमागे अख्खी भिंत रिकामी होती.

ग्रामसभा चावडीपुढे भरली. ठराव मी मांडला. सरपंच हसून म्हणाले, "करा की हात वर, कोण करतंय ते आमी बी बघतो." आमच्या वस्तीचे हात वर गेले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अर्धा गेला, आणि सरपंचांनी त्याच्याकडे बघताच पागोटं सारखं करायला वळला. भावाच्या वर्गातले चौघे समोरच बसले होते. लढाई जिंकली तेव्हा यांनीच गावात पेढे वाटले होते. त्यांचे हात मांडीवरच राहिले. ठराव पडला. मी चित्र धरून उभा होतो, आणि तो माझ्या छातीवरून त्यांच्याकडे बघत होता.

तुम्ही त्या सभेत नव्हता, ही सबब मला सांगू नका. तुमच्याही गावात शाळा आहे. उद्या तिथे जा. भिंतीवर कोण कोण आहे ते बघा, गावातून फौजेत जाऊन परत न आलेल्यांची नावं आठवा, आणि कोण नाही, का नाही, हे हेडमास्तरांना तोंडावर विचारा. जागा नाही म्हणाले तर भिंतीकडे बोट दाखवा आणि तिथेच बसा.