दोन सुट्या गाद्या

कापूसकाका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. केसांत, मिशांत, भुवयांत कायम पिंजलेला कापूस, म्हणून गल्लीनं ठेवलेलं. नव्या जोडप्यांच्या गाद्या शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नवरदेवाला डोळा मारून सांगायचा, टाके पक्के घातलेत, बिनघोर राहा. दुकानात असा बडबड्या. घरात मात्र पन्नाशी उलटल्यापासून या गड्याची बोलती बंद झाली होती.

शरीर साथ देईना. एकदा झालं, दोनदा झालं, मग तो बायकोजवळ जायलाच घाबरू लागला. बरं, बोलावं ना माणसानं! ते नाही. यानं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि धंद्यातली अक्कल घरात पाजळली. एका दुपारी घरची जोडगादी उसवली, कापूस पिंजला आणि दोन सुट्या गाद्या शिवल्या. तुझ्या कमरेला कडक गादी हवी, असं बायकोला सांगितलं. कडक तिची भिंतीशी, मऊ याची दाराशी. तिनं आपली चादर उचलून भिंतीशी अंथरली. सुटलो बुवा, असं याला वाटलं. मूर्ख मेला!

पुढे काही वर्षांनी कापसाचा गठ्ठा उचलताना धाप लागायला लागली. छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. त्यांनी विड्या, साखर, रक्तदाब विचारला आणि त्याच सुरात नवराबायकोचे संबंध कसे आहेत, तेही विचारलं. याचे कान तापले. छान आहेत म्हणून उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

बाई हसल्या नाहीत. तिथं रक्त नीट पोचावं लागतं, म्हणाल्या. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, त्यामुळे पुष्कळदा अडथळा आधी तिथं जाणवतो, छातीत नंतर. यावर उपचार आहेत, पण आधी हृदय तपासायचं, विड्या बंद करायच्या आणि मनानं कसल्याही गोळ्या घ्यायच्या नाहीत.

"यात मर्दानगीचा काही प्रश्न नाही, काका. तेव्हाच यायला हवं होतं."

घरी येताना स्वारी चक्क खुशीत होती. हृदयाचं दुखणं असेल असं ऐकून खूश होणारा हाच पहिला! आपण नालायक नव्हतो, रक्तच पोचत नव्हतं. तिला एवढं सांगितलं की मिटलं, असं तो धरून चालला होता.

बायको भाजी निवडत होती. त्यानं अडखळत, पण काही न लपवता सांगितलं. गाद्या सुट्या का केल्या तेही. पुन्हा एक जोडगादी शिवतो, असं म्हणाला.

तपासणी कधी आहे, एवढं तिनं विचारलं. मी येते बरोबर, म्हणाली. मग हातातली जुडी निवडून संपवली.

"मला वाटलं, मीच नकोशी झाले. भिंतीकडे तोंड करून रडायचे मी. तुम्हाला ऐकू यायचं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याला आता खोट्याचा वीट आला होता.

"यायचं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि पुढची जुडी सोडली.

"मग गाद्या सुट्याच राहू द्या."