रंग भरेपर्यंत

तपासणी केंद्रात त्यांना सगळे भिंगताई म्हणत. नाकावर चष्मा आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेले भिंग, अशी त्यांची कायमची मूर्ती. बंदरात उतरणाऱ्या मालासोबत जे जे न बोलावता येई, त्याची ओळख पटवणे हे त्यांचे काम होते. लाकडी खोक्यांतले भुंगेरे, पेंढ्यात अडकलेली पिसे, गालिच्याच्या लोकरीत रुतलेली काटेरी बोंडे, कुणा प्रवाशाच्या बुटाच्या तळव्याला चिकटून आलेले गवताचे बी. पिसावरून पक्षी, पक्ष्यावरून मुलूख आणि मुलखावरून पेटी नेमकी कुठे भरली गेली, एवढा प्रवास त्या टेबलाशी बसल्या बसल्या उलट दिशेने करीत. स्वतः मात्र त्या बंदराच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. कुणी तसे म्हटले, की त्या म्हणत, "जग इथे येतंय ना पायांनी? मग मी कशाला पाय दुखवू?"

शेजारच्या टेबलावर बियांचे काम माझ्याकडे असल्याने त्यांची कामाची रीत मला जवळून पाहायला मिळाली. नाव घेण्याच्या बाबतीत त्या कंजूष होत्या. साहेबांनी दारातूनच "काय निघालं हो?" असे विचारले, तरी "बघते" यापलीकडे उत्तर मिळत नसे. कामावर नव्याने आलेल्यांना त्या दोन गोष्टी हमखास सांगत. पहिली अशी, की अळीला नाव नसते, तिला फक्त भूक असते. कितीतरी जातींच्या अळ्या दिसायला सारख्याच. ती वाढू द्यायची, कोषात जाऊ द्यायची, भुंगेरा होऊन बाहेर आली की मग ओळखायची. दुसरी गोष्ट या पहिलीच्याच पोटातली. कोषातून नुकत्याच निघालेल्या भुंगेऱ्याचे अंग मऊ आणि फिकट असते. पाठीवरचे ठिपके, पट्टे, रंग दिवसभरात हळूहळू भरतात. "तेव्हा सकाळी निघालेल्याला लगेच विचारायचं नाही, बाबा तू कोण म्हणून. त्याचं त्यालाच ठाऊक नसतं अजून." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी माया असे.

ही माया त्यांच्यात आली ती त्यांच्या थोरल्या भावामुळे. ते शहराबाहेर नर्सरी चालवत. आम्हीही त्यांना दादाच म्हणत असू. लहानपणी ते काडेपेटीतून किडे आणून धाकट्या बहिणीपुढे ठेवत आणि गंभीर चेहऱ्याने विचारत, "बारके, ह्याचं गाव कोणतं?" ती मनाला येईल ते दूरचे नाव ठोकून देई. दादा मान डोलावून म्हणत, "लांबचा पाहुणा म्हणायचा. पानं वाढा त्याला." बहिणीचे केस पांढरे झाले, तरी हा खेळ संपला नव्हता. दादा केंद्रात आले, की भिंगाखाली जे असेल त्याच्याकडे बोट दाखवून गाव विचारत. ताईंचे उत्तर आता खरे असे, आणि दादांचे पुढचे वाक्य मात्र तेच.

दादांच्या नर्सरीचा जीव नासपतीच्या झाडांत होता. वडिलांनी लावलेली ती बाग एका रोगाने हळूहळू खाल्ली. साल तडके, चिकट पाणी पाझरे आणि हंगाम संपेतो फांदी वाळून जाई. शेवटी एकच रांग उरली. तीही आजारीच, पण तिच्या काड्यांवर दादा अजून थोडीफार कलमे बांधत होते. पुष्कळ खटपटीनंतर त्यांनी परदेशातून या रोगाला दाद न देणारी नवी रोपे मागवली. पुरवठा करणाऱ्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. ही रोपे मोठेपणी रोगाला पुरून उरतात, पण कोवळी असताना त्यांनाही लागण होते. म्हणून जुनी झाडे मुळासकट काढून, जाळून, मगच ही लावावीत. दादांनी जमीन तयार केली, आळी केली, पण जुन्या रांगेला हात लावला नाही. "नवी हातात पडू देत," ते म्हणत, "मग जुन्यांना निरोप. हातातलं सोडून पळत्याच्या मागे जाण्याइतका मी तरणा राहिलो नाही."

रोपे आली, आणि तपासणीत त्यांतल्या एका पानाच्या मागे एक अळी सापडली.

ती भिंगताईंनाच सापडली. अळी दोन जातींपैकी एकीची होती, एवढे त्यांनी ओळखले. एक जात निरुपद्रवी, तण आणि चार पाने कुरतडून भागवणारी; तिचा भुंगेरा सबंध पिवळा. दुसरी बागाच्या बागा उजाड करणारी; तिच्या पिवळ्या पाठीवर काळे आडवे पट्टे. पहिली असेल तर रोपे मोकळी. दुसरी असेल तर सगळी भट्टीत, कारण इतर रोपांच्या मातीत तिची आणखी किती भावंडे दडली असतील, ते सांगता येत नाही.

त्या साहेबांकडे गेल्या. "माल माझ्या भावाचा आहे. नोंद करून ठेवा. जमलं तर दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरा कोण आहे, ताई?" साहेब म्हणाले. "किड्यांचे आपले दुसरे गृहस्थ पाठीचं दुखणं घेऊन घरी बसलेत. तुम्ही बघा. शेवटच्या सहीला मी आहेच."

अळी झाकणाला जाळी लावलेल्या काचेच्या डबीत त्यांच्या टेबलावर राहायला आली. रोपे केंद्राच्या शेडमध्ये अडवून ठेवली होती; ताई रोज तिथे जाऊन भावाच्याच रोपांची कोवळी पाने खुडून आणत आणि तिला घालत. हे काम करताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. अळी आनंदाने खाई.

शेडमध्ये रोपांना पाणी मिळत होते, पण बंद जागेत ती कोमेजू लागली होती. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, दिवसाआड येत आणि तारेच्या जाळीबाहेर उभ्या राहून रोपांकडे पाहत. आत जायची परवानगी नव्हती. एकदा त्या मला म्हणाल्या, "त्या कडेच्या ट्रेला ऊन लागतंय हो सरळ. जरा आत ओढता का?" मी ट्रे ओढला. त्यांनी हात जोडले. मला संकोच वाटला.

दादांचा फोन रोज सकाळी येई.

"काय म्हणतोय पाहुणा?"

"जेवतोय."

"जेवू दे. पोटभर वाढ. माझ्याच घरचं आहे." हसणे ऐकू येई. मग आवाज उतरे. "बारके, तुझं मन काय सांगतं?"

"माझं मन काही सांगत नाही, दादा. भुंगेरा बाहेर आला की सांगेन."

"अगं, अंदाज तरी."

"अंदाजाचं काम माझ्याकडे नाही."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ डबीकडे पाहत. अळी डबीतल्या मातीत शिरून कोषात गेली, तेव्हा तर त्या दुपारचा डबाही टेबलाशीच खाऊ लागल्या. मी एकदा म्हटले, "ताई, तुम्ही पाहिलंत म्हणून ते लवकर निघणार नाही." त्या म्हणाल्या, "माहितेय. पण मी पाहिलं नाही म्हणून ते उशिरा निघालं, असं नको वाटायला."

भुंगेरा निघाला त्या सकाळी मी गोदामात धान्याची पोती तपासत होतो. परतलो तो दुपार कलत आली होती. भिंगताई खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला विचारावेही लागले नाही.

"पिवळा आहे," त्या म्हणाल्या. "सबंध पिवळा. एक रेघ नाही अंगावर. दादाला सकाळीच कळवलं."

"साहेबांची सही झाली?"

"संध्याकाळी करतील. रंग..." आणि त्या मध्येच थांबल्या.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी कितीतरी वेळा ऐकला होता. त्या टेबलाकडे वळल्या. डबी हातात घेतली, भिंग डोळ्याला लावले आणि तशाच उभ्या राहिल्या. मग भिंग माझ्या हातात दिले. भुंगेरा पानाच्या देठावर स्वस्थ बसला होता. पाठ पिवळी होती. पण त्या पिवळ्याखाली, ओल्या कागदातून मागचे अक्षर दिसावे तशा, करड्या आडव्या रेघा उमटू लागल्या होत्या.

"निघाला कधी?" मी विचारले.

"मी आले तेव्हा नुकताच कोषातून सुटत होता." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "आजवर मी कुणालाही..."

त्यांनी दादांना फोन लावला. तो कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. वहिनींचा लावला, तोही वाजत राहिला. रेघा आता भिंगाशिवाय दिसू लागल्या होत्या. त्यांनी साहेबांना बोलावून डबी दाखवली, तिला मोहोर लावून घेतली आणि पिशवी उचलली. केंद्राची गाडी माल घेऊन त्याच बाजूला निघाली होती. त्यांना एकट्याने जाऊ द्यावे असे मला वाटेना, म्हणून मीही चढलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "पाऊण आयुष्य हेच सांगत आले मी लोकांना."

धूर रस्त्यावरूनच दिसला. दिवस अजून मावळायचा होता. नर्सरीच्या मागच्या अंगाला, जिथे शेवटची रांग होती, तिथे ओळीने खड्डे पडले होते आणि उपटलेल्या बुंध्यांचा ढीग धुमसत होता. दोन गडी मुळे तोडून ढिगात टाकत होते. फोन दोघांचेही ओट्यावर, पाण्याच्या तांब्याशेजारी पडलेले होते. बहिणीला पाहून दादा कुदळ टाकून हसत पुढे आले.

"आलीस? बघ, एका दिवसात उरकलं. म्हटलं, तुझा निरोप आला आणि मी हात बांधून बसलो, तर तूच म्हणशील म्हातारा झाला. शेवटचं झाड पाडताना जरा जड गेलं. वडिलांनी..." त्यांनी हाताने वाक्य उडवून लावले. "असो. रोपं कधी नेऊ?"

"दादा, पट्टे आलेत."

दादांना एकदम कळले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. वहिनी पाण्याची घागर घेऊन येत होत्या, त्या जागीच उभ्या राहिल्या.

"कसले पट्टे?"

"भुंगेऱ्याच्या पाठीवर. सकाळी नव्हते. नुकताच निघालेला तसाच असतो, कोरा. रंग मागाहून भरतो. मला ठाऊक होतं." त्या प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या. "तो वाईटच आहे. रोपं सोडता येणार नाहीत."

गड्यांपैकी एकाने आणखी एक मूळ आगीत टाकले. वहिनी हळूच म्हणाल्या, "राहू द्या आता." पण राहू देण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

दादा ओट्यावर बसले. बराच वेळ ते एकेका बोटाची माती काढत राहिले. मग विचारले, "संध्याकाळपर्यंत थांबायला काय झालं होतं?"

"काही नाही," भिंगताई म्हणाल्या. "थांबता आलं असतं."

"मग?"

"तू रोज विचारत होतास. आणि मला वाटलं, एकदा तरी तुला चांगलं सांगावं."

यावर दादा रागावले असते, तर बरे झाले असते. ते म्हणाले, "उद्या फोन केला असतास, तरी मला ते चांगलंच वाटलं असतं." मग त्यांनी वहिनींना सांगितले, "दोघांना चहा टाक. लांबून आलेत." ते वाक्य त्यांनी नेहमीच्या चालीवर म्हटले नाही. चहा झाला. कुणी फारसा प्यायला नाही.

रोपे जाळताना मालकाने हजर राहावे, असा केंद्राचा नियम आहे. दादा वेळेवर आले. धुतलेला सदरा, दाढी केलेली. ओळख पटवणारी म्हणून भिंगताईंची सही आधीच झाली होती, त्याखाली दादांनी आपली केली. मग आम्ही भट्टीपाशी गेलो. ट्रे एकामागून एक आत जाऊ लागले. कडेच्या ट्रेतली रोपे सावलीत ओढल्यापासून चांगली तरारली होती. त्यांना दोन-दोन नवी पाने फुटली होती. दादांनी त्यांतले एक पान खुडले, बोटांत चुरडले, माळी लोक हुंगतात तसे हुंगले आणि चोळामोळा परत ट्रेमध्ये टाकला, कारण केंद्राबाहेर काहीही न्यायचे नसते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

भिंगताई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. गळ्यातले भिंग त्यांनी मुठीत धरले होते. भावाने आपल्याकडे पाहावे, अशी त्यांची फार इच्छा असावी, कारण त्या दुसरीकडे कुठेच पाहत नव्हत्या.

शेवटचा ट्रे गेल्यावर दादांनी साहेबांना विचारले, "साहेब, हा किडा मूळचा कुठला म्हणायचा?"

साहेबांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी नेहमीच्या सवयीने भिंगताईंकडे मान वळवली. त्या साहेबांकडेच पाहत, अहवाल वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाल्या, "समुद्रापलीकडच्या डोंगराळ भागातला. तिथे रानटी नासपतीवर राहतो. तिकडे त्याला खाणारे पक्षी आहेत, म्हणून फारसा माजत नाही."

दादांनी ते नीट ऐकून घेतले. पुढचे वाक्य येईल म्हणून आम्ही सगळेच थोडे थांबलो. त्यांनी साहेबांना नमस्कार केला, टोपी घातली आणि भट्टीच्या उजेडातून फाटकाकडे चालू लागले. भिंगताई त्यांच्यामागून निघाल्या, पण त्यांच्या जवळ जाऊन चालल्या नाहीत.