सरकारांसमोर शून्य चालत नाही

एरंडेलाचा वास आला की मी अजून उठून बाहेर जातो. बायको म्हणते, तुमचं नाटक आहे. नाटक कसलं! एरंडेलावर चालणाऱ्या इंजिनामागे सकाळभर उभं राहायचं आणि दुपारभर टमरेल घेऊन पळायचं, हे एकदा तिच्या वाट्याला यायला हवं होतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी अदिलाबादला कापसातून सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये फोरमन होतो. बॉयलरच्या दाबाचं गेज खरं बोलतं की खोटं, हे तपासायचा हातपंप आणि त्यासोबतचं एक खात्रीचं गेज माझ्या ताब्यात असे. दोन्ही गेजं एकाच पंपाला जोडायची, तेलाचा दाब हळूहळू वाढवायचा आणि दोघांचे काटे बरोबरीने चढतात का ते पाहायचं. चुकत असेल त्याचा काटा उपटायचा आणि नीट बसवायचा. त्यात फार अक्कल लागत नाही, पण काम करताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

त्या पंपापायीच मला गुडीहत्नूरकडच्या एका जहागीरदारांचं बोलावणं आलं. ते घरी विमान बांधत होते. विलायती मासिकातले नकाशे, सागवानी पट्ट्या, त्यावर ताणलेलं कापड आणि एका जुन्या मोटारीचं इंजिन, असा सगळा संसार कापसाच्या गोदामात मांडला होता. सुतारकाम देखणं होतं, ते मी नाकारत नाही. बाकी सगळा आनंद होता. विमानाला एरंडेल लागतं असं सरकारांनी कुठंतरी वाचलं होतं आणि एरंडी तर त्यांच्याच शिवारात पिकत होती. मग घाण्याचं तेल, गाळासकट, थेट इंजिनात. जहागीरदारांना देवडीवर, म्हणजे त्यांच्या वाड्यावर, सगळे 'सरकार'च म्हणत. सरकार काही बोलले की दहा तोंडांतून 'वाहवा' निघायची, आणि त्यांना शिंक आली तरी तीच.

विमान उडवणार होता त्यांचा मोटारड्रायव्हर. मुधोळकडच्या शेतकरी घरातला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. सरकारांनी त्याला हैदराबादला पाठवून विमान चालवायला शिकवून आणलं होतं. बायकापोरांसह तो तबेल्यामागच्या खोलीत राहायचा. ती खोलीही सरकारांचीच.

मी त्याला समजावलं, "तेलाचा दाब गेला की इंजिन अडकतं. मोटार असेल तर रस्त्यात उभी राहते. हे वरून खाली येईल. काटा विसाच्या खाली यायला लागला की दुसरं काही बघू नकोस, इंजिन बंद कर आणि उतर."

"साहेब, वरतं आवाजानं काई समजत नाई," तो म्हणाला. "मले या काट्याचाच भरवसा. खरं सांगते ना हा?"

मी त्याच्यासमोर गेज पंपावर लावलं आणि शून्यापासून वरपर्यंत काटा चढवून दाखवला. तो लहान पोरासारखा वाकून बघत होता. "खरं सांगतो," मी म्हणालो.

इथवर सगळं ठीक होतं. मग मध्ये पडला पेशकार. सरकारांच्या कानाशी बसून कारभार हाकणारा हा गृहस्थ तोंडात सदा पानाचा तोबरा ठेवून बोलायचा आणि बोलण्याबरोबर लाल तुषार उडवायचा. कानात घातलेलं बोट तो बाहेर काढी आणि त्याच बोटाने गेजची काच पुशी. मी ती काच नंतर रॉकेलने धुवून काढली. गेज इंजिनाला लावण्याआधी मखमली रुमालावर ठेवून सरकारांना दाखवायचा घाट त्याने घातला होता. त्याने रुमाल उघडून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काटा शून्यावर काऊन?"

"दाब नाही म्हणून."

"सरकारांपुढे शून्य घेऊन जाता? अशुभ दिसते ते!"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ती त्या देवडीची रीतच होती. सरकारांच्या नजरेला रिकामं काही पडायचं नाही. रिकामी घागर घेतलेली बाई भिंतीआड उभी राही. पानदानात निदान एक सुपारी तरी ठेवलेली असे. अशा घरात शून्यावर बसलेला काटा कोण चालवून घेणार! पेशकाराने देवडीच्या घड्याळजीला बोलावलं आणि माझ्या माघारी काटा उपटून पंधरावर बसवून घेतला. म्हणजे इंजिन बंद असताना पंधरा, आणि खरे वीस असतील तेव्हा पस्तीस.

दुसऱ्या खेपेला ते माझ्या लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी काटा पुन्हा शून्यावर आणला. पेशकार शांतपणे चघळत बघत होता. "एवढं काय त्यात, फोरमनसाहेब? वरच हाये ना, खाली त नाई," तो म्हणाला. अशा माणसाला काय समजावायचं? त्याला सगळं समजत होतं, त्याचीच मला शिसारी आली.

उडवायच्या दिवशी कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मांडव घातला होता. गालिचे, गुलाबपाणी, हार, आजूबाजूच्या गावांतली माणसं. ड्रायव्हरची बायको पोराला कडेवर घेऊन बायकांच्या मागे उभी होती. मी विमानाजवळ गेलो. इंजिन थंड होतं आणि काटा पुन्हा पंधरावर.

मी सरळ मांडवात गेलो आणि मोठ्याने सांगितलं, की गेज खोटं आहे, काटा ठीक करायला थोडा वेळ द्या, नाहीतर माणूस जाईल. 'वाहवा' म्हणायची सवय झालेली तोंडं एकदम बंद झाली. सरकारांनी माझ्याकडे बघितलं. ते अडाणी नव्हते, गेज म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. उर्दूत, अगदी गोड आवाजात ते म्हणाले, की मुहूर्त टळतो आहे, काट्याचं उद्या बघू. लगेच सगळे हसले. वाहवा.

मी धावत ड्रायव्हरकडे गेलो. पंखा फिरायला लागला होता, तोंडावर एरंडेलाचा चिकट धूर येत होता. त्याच्या कानात ओरडलो, "वीस विसर! पस्तीसला उतर! पस्तीस!"

त्याने मान हलवली.

विमान उडालं, हे सांगायलाच हवं. बाभळींच्या वर गेलं, रानावरून एक वळण घेतलं, आणि त्या क्षणी मीसुद्धा सगळं विसरून टाळी वाजवली. मग एकाएकी इंजिनाचा आवाज थांबला. विमान घसरत खाली आलं, पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरलं आणि एका पंखावर कलंडलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर पऱ्हाट्यांत बसला होता आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. जिवंत होता. "पस्तीस झालते, साहेब," तो म्हणाला, "म्हून बंद केलं."

मी तिथेच तेलाची जाळी उघडली. आत घाण्याचा गाळ काळ्या लगद्यासारखा गच्च भरला होता. तेल पुढे जायला वाट नव्हती. आणखी थोडं वर राहिला असता तर इंजिन अडकलंच असतं. ती जाळी तशीच हातावर घेऊन मी सरकारांपुढे धरली. त्यांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला.

"घाण काऊन दाखवता सरकारांले?" पेशकार खेकसला. मग त्याने विमानात वाकून काट्याकडे बोट केलं. "बघा हुजूर, अजून पंधरा हाये. इंजिन जित्तं हाये. हा भेला."

सरकारांनी ड्रायव्हरला विचारलं, तू का उतरलास? मी म्हणालो, मी सांगितलं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ड्रायव्हरच्या उत्तराची वाट बघत होते.

तो मोडका पाय ओढत पुढे सरकला आणि त्याने सरकारांच्या जोड्यावर डोकं ठेवलं. "मीच भेलो, सरकार. फोरमनसाहेबांनी मले काई सांगतलं नाई. काटा बरोबर व्हता."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं, मग सगळे. सरकारही हसले. त्यांनी मोठ्या मनाने माफी दिली, आणि पाय बरा झाला की विमान पुन्हा तूच उडवशील, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. वाहवा झाली. पेशकाराने पिंक टाकली, ती जाळीतून सांडलेल्या गाळावरच पडली. इतकी किळस मला आयुष्यात दुसऱ्या कशाची आली नाही. खरं सांगायचं तर त्या घडीला सगळ्यांत जास्त ड्रायव्हरची आली.

त्याला बैलगाडीत घालून अदिलाबादच्या दवाखान्यात न्यायचं माझ्याकडे आलं. त्याची बायको पोराला घेऊन पायाशी बसली होती. गाडी रानाबाहेर पडली. मग राहवेना.

"माझ्या तोंडावर मला खोटं पाडलंस. काऊन?"

"भित्र्याले सरकार माफ करते, साहेब," तो डोळे मिटून म्हणाला. "सरकारांचा काटा खोटा म्हटला असता त आज रातच्याले हे लेकरू कुठं निजलं असतं?"

गाडी खड्ड्यात आदळली तसा तो कण्हला. त्याने माझी बाही धरली.

"पुढल्या खेपेले बी पस्तीसच धरू ना?"

तोवर पेशकाराने काटा कुठं नेऊन बसवला असता, देव जाणे. "चालू करायच्या आधी बघ," मी म्हणालो, "काटा कुठं बसलाय ते. तिथून पुढे वीस मोज."

तो पडल्या पडल्या बोटांच्या पेरांवर मोजायला लागला.